ट्रेडिंग कार्डे : छंद की गुंतवणूक?

प्रश्न : संग्राह्य ट्रेडिंग कार्डांत (खेळाडू वगैरेंची चित्रे असलेली, हौशी लोक जमवतात व विकतात अशी छापील कार्डे) बचत गुंतवावी का?

उत्तर : बेसबॉलपटू मिकी मँटल यांच्या १९५२ सालच्या एका कार्डाला २०२२ मध्ये लिलावात १ कोटी २६ लाख डॉलर मिळाले, हे खरे, मात्र १९८०च्या दशकाच्या अखेरीस भरमसाट छापलेली बहुतेक कार्डे आज कवडीमोल आहेत. कार्डावर ना व्याज मिळते, ना लाभांश. सारी भिस्त पुढच्या ग्राहकाच्या हौसेवर. शिवाय कोपरा किंचित पांढरा पडला किंवा छपाई जराशी एका बाजूला सरकली, तरी कार्डाची स्थिती तपासणाऱ्या संस्थेकडून मिळणारी दहापैकी दहाची श्रेणी हुकते आणि भाव कोसळतो. आत कोणती कार्डे निघतील हे ठाऊक नसलेली बंद पाकिटे फोडत बसणे तर आमच्या मते निव्वळ सोडत होय. घ्यायचेच असेल, तर श्रेणी-प्रमाणित कार्ड घ्यावे आणि विक्रेत्याने सांगितलेला भाव नव्हे, प्रत्यक्ष झालेल्या विक्रीचे आकडे पाहावेत.