रीसेल फ्लॅट दाखवायच्या आधी

अरे थांब, लगेच सगळ्या घराचं रंगकाम काढत बसू नकोस. आधी सामान कमी कर. माळ्यावरची खोकी, बाल्कनीतली मोडकी सायकल, फ्रिजवरचा औषधांचा ढीग, सगळं हलव, वन बीएचकेत फरशी दिसली की घर मोठं वाटतं, साधी गोष्ट आहे. आता खरा मुद्दा म्हणजे ओल. बाथरूमच्या मागच्या भिंतीला पोपडे आलेत ना, त्यावर नुसती पुट्टी मारून रंग लावलास तर पावसाळ्यात परत वर येणार आणि घेणारा हात लावून बघतोच, आमच्याकडे आलेल्या एका काकांनी तर कपाट सरकवून बघितलं होतं! म्हणून आधी लीकेज काढ, टाइल्सचे जॉइंट भरून घे, भिंत नीट सुकू दे, मग रंग. लोकांना ऊन येतं त्या वेळेलाच बोलव, पडदे बाजूला कर. त्या दिवशी घरात मासे नकोत (मला आवडतात रे, पण वास राहतो). देवघर असू दे, काही बिघडत नाही. आणि इंडेक्स २ (खरेदीच्या नोंदणीचा सरकारी उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, मेंटेनन्सची शेवटची पावती एका फाइलमध्ये हाताशी ठेव, कार्पेट एरिया (घराच्या आतली वापरायची जागा) विचारला की आकडा तोंडपाठ पाहिजे, तिथे बाहेरच्या भिंती धरून येणारा बिल्टअप सांगून घोळ घालू नकोस.