रुक्मिणी, रुखमा, रखुमाई : नाव एकच, अन् 'ण' कुठून आला?

विचारणा अशी : मुलीला पणजीचं नाव द्यायचं आहे. पणजी सातबाऱ्यावर 'रखमाबाई', मतदार यादीत 'रुख्मीनी' आणि गावात 'रुखमी'. यातलं खरं नाव कोणतं? आणि 'राखणारी माई ती रखुमाई' हा अर्थ बरोबर का?

अर्थापासून सुरू करू. 'राखणारी माई' ऐकायला गोड वाटतं, पण ही फोड मागाहून बसवलेली आहे. मूळ शब्द 'रुक्म'. धातू रुच्, म्हणजे चकाकणे. आपलं 'रुचणे' आणि 'रुची' त्याच घरातले. रुच् चा रुक्म होतो तसाच युज् चा युग्म. वेदात रुक्म म्हणजे छातीवर घालायचा सोन्याचा चकचकीत दागिना. मरुतांना, म्हणजे वेदातल्या वादळाच्या देवांना, 'रुक्मवक्षस्' (छातीवर रुक्म असलेले) म्हटलंय ते त्यामुळेच. ज्याच्याजवळ रुक्म आहे तो रुक्मिन्; त्याचं स्त्रीलिंगी रूप रुक्मिणी. म्हणून नावांच्या पुस्तकांत नुसतं 'सोने' लिहितात ते अपुरं आहे. 'सोनं ल्यालेली' हा नेमका अर्थ. भावाचं नाव रुक्मी, तेही याच शब्दाचं.

आता 'ण'. पद्मिनी, मालिनी, मोहिनी यांत न आहे, मग इथे ण का? सुरुवातीच्या 'र' मुळे. र किंवा ष नंतर येणारा न हा ण होतो, मात्र मध्ये फक्त स्वर, क-वर्ग, प-वर्ग किंवा य, व, ह एवढेच असले तर. रुक्मिणीत मध्ये क आणि म आहेत, वाट मोकळी. मोहिनी-रोहिणी ही जोडी शेजारी ठेवली की लगेच कळतं. रजनीत ज आडवा येतो, म्हणून तिथे न तसाच राहिला.

वऱ्हाडी बोलीत ण चा न होतो. पाणी 'पानी', कोण 'कोन'. त्यामुळे 'रुखमिनी, पानी आन वं' हे बोलण्यात अगदी शुद्ध वऱ्हाडी आहे. कागदावर मात्र 'रुक्मिनी' उतरलं की नियम मोडतो.

रखमा, रुखमा ही अडाण्यांची मोडतोड आहे असं शिकलेली माणसं म्हणतात, ते मला पटत नाही. 'क्म' हे जोडाक्षर जिभेला जड. लक्ष्मीचं लक्षुमी होताना म च्या आधी उ शिरतो, म उच्चारताना ओठ मिटतात त्याच्या ओढीने. तसंच इथे झालं, क चा ख झाला आणि रखुमा तयार झाली. पुढे आई जोडून रखुमाई. ज्ञानदेवांच्या अभंगांत 'बाप रखुमादेवीवरु' ही मुद्रा आहे, म्हणजे तेराव्या शतकातच हे रूप मान्य होतं. गंमत प्राकृतात आहे. तिथे क्म चा प्प होऊन नाव झालं 'रुप्पिणी', आणि चांदीलाही 'रुप्प'च म्हणत. आपलं रुपं त्यातूनच आलं. संस्कृतातली सोन्याची पोर प्राकृतात चांदीची वाटू लागली!

माहेर म्हणाल तर कौंडण्यपूर, अमरावती जिल्ह्यातल्या तिवसा तालुक्यात, वर्धा नदीच्या काठी. आषाढीला तिथून पालखी पंढरपूरला जाते. 'वैदर्भी' हे नावही सुचवलं जातं, छान आहे, पण ते एकट्या रुक्मिणीचं नाही. दमयंतीही वैदर्भी, लोपामुद्राही.

लिहायचं कसं : रु ऱ्हस्व, मि ऱ्हस्व, णी दीर्घ. 'रूक्मिणी' आणि 'रुक्मीणी' दोन्ही चूक. टंकताना क्रम र, उकार, क, हलन्त (पाय मोडायचं चिन्ह), म, वेलांटी, ण, दीर्घ वेलांटी. वेलांटी दिसते डावीकडे, पण युनिकोडमध्ये म नंतरच दाबायची. जुन्या फॉन्टमध्ये ती आधी टंकत, म्हणून तसला मजकूर बदलून घेतला की 'रुकि्मणी' असं भूत निघतं. इंग्रजी अक्षरांत न-ण चा फरक राहत नाही. तिथून उलट मराठी करणारं यंत्र न घालू शकतं. दाखल्याचा मराठी मजकूर छापण्याआधी स्वतः वाचा, ण वर बोट ठेवून.

पणजीच्या जुन्या कागदांवरची 'रखमाबाई' मात्र सुधारायला जाऊ नका. ते तिचं नाव होतं, रुक्मिणीचा चुकीचा उच्चार नव्हे. मुलीचं नाव दाखल्यावर 'रुक्मिणी' ठेवा किंवा सरळ 'रखमा', दोन्ही बरोबर. एक ठरवा आणि जन्मदाखला, आधार, शाळेचा दाखला या तिन्हींवर तेच राहू द्या. घरी हाक मारायला रुखमी आहेच.