‘वन्स पर टर्न’ म्हणजे नक्की कितीदा?

प्रश्न असा आहे की डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावर पात्रं घेऊन खेळायच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीत रोग (इंग्रजी rogue, चोरटा लढवय्या) या क्लासच्या, म्हणजे पात्राच्या प्रकाराच्या, स्नीक अटॅकला (जास्तीचं डॅमेज देणाऱ्या हल्ल्याला) ‘वन्स पर टर्न’ अशी मर्यादा घातलीय, तर मग तो एका राऊंडमध्ये एकदाच करता येतो का? डीएमचं (खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरचं) म्हणणं एकदाच, आणि रोग खेळणारीचं म्हणणं की दुसऱ्याच्या टर्नमध्ये रिअ‍ॅक्शन (मध्येच करायची झटपट कृती) वापरून परत करता येतो. शिवाय डीएम असंही म्हणतोय की नावातच ‘स्नीक’ आहे तर आधी लपायला हवंच.

खेळणारीचं बरोबर आहे, दोन्ही मुद्द्यांवर. पण का बरोबर आहे ते नीट बघूया, कारण या खेळातले निम्मे वाद अशाच दोन-तीन शब्दांवरून होतात आणि ते सोडवायची रीत एकदा हातात आली की पुढे खूप सोपं जातं.

राऊंड म्हणजे सगळ्यांचं एकेकदा होऊन जाणं, खेळातल्या वेळेत सुमारे सहा सेकंद. टर्न म्हणजे त्यातला एकाचा वाटा. पाच जण लढतायत तर एका राऊंडमध्ये पाच टर्न. आता नियमाचं वाक्य बघा, त्यात ‘पर टर्न’ आहे, कुणाच्या टर्नमध्ये ते कुठेच म्हटलेलं नाही. म्हणजे मर्यादा दर टर्नला नव्याने सुरू होते, टर्न तुमची असो, फायटरची असो की समोरच्या गॉब्लिनची. शाळेत ‘दर तासाला एक प्रश्न विचारता येईल’ असं सांगितलं तर मराठीच्या तासाला विचारला म्हणून गणिताच्या तासाला गप्प बसायचं असा अर्थ कुणी काढत नाही, तसंच हे.

मग रोग पाचही टर्नमध्ये स्नीक अटॅक करत सुटेल का? नाही, कारण दुसऱ्याच्या टर्नमध्ये हल्ला करायला रिअ‍ॅक्शन लागते आणि ती एकच असते, आपली पुढची टर्न सुरू होईपर्यंत परत मिळत नाही. म्हणून व्यवहारात आपल्या टर्नमध्ये एक आणि दुसऱ्या कुणाच्या टर्नमध्ये एक, असे जास्तीत जास्त दोन होतात. गॉब्लिन तुमच्या टप्प्यातून पळायला लागला आणि ऑपॉर्च्युनिटी अटॅक मिळाला, किंवा बॅटल मास्टर फायटरने कमांडर्स स्ट्राइक वापरून तुम्हाला हल्ल्याची संधी दिली, की झालं. स्नीक अटॅकच्या बाकीच्या अटी (त्या पुढे येतील) मात्र प्रत्येक वेळी नव्याने पुऱ्या व्हायला हव्यात, हे खेळणारेही विसरतात.

आता डीएम म्हणेल की लिहिणाऱ्यांच्या मनात ‘तुमच्या टर्नमध्ये’ असंच असेल, लिहायचं राहून गेलं. इथे माझी आवडती रीत कामाला येते, ती म्हणजे त्याच पुस्तकात त्याच लोकांनी दुसरीकडे काय लिहिलंय ते शोधायचं. २०१४ च्या प्लेयर्स हँडबुकमध्ये, म्हणजे पाचव्या आवृत्तीच्या नियमपुस्तकात, क्लेरिक या पुरोहित क्लासच्या डिव्हाइन स्ट्राइकला शब्द आहेत ‘वन्स ऑन ईच ऑफ युवर टर्न्स’. म्हणजे ‘युवर’ लिहायचं तेव्हा त्यांनी ते लिहिलंय, मुद्दाम लिहिलंय, आणि रोगच्या बाबतीत लिहिलेलं नाही. नुसता शब्द नसण्यावरून मी कधी अर्थ काढणार नाही, पण तो शब्द शेजारच्याच क्लासमध्ये वापरलेला दिसतो तेव्हा त्याचं नसणं बोलायला लागतं. खेळ काढणाऱ्या कंपनीच्या सेज अ‍ॅडव्हाइस या अधिकृत प्रश्नोत्तरांमध्येही स्नीक अटॅकबद्दल हेच उत्तर दिलेलं आहे.

गंमत म्हणजे चौथ्या आवृत्तीत, २००८ साली, स्नीक अटॅकला शब्दच ‘वन्स पर राऊंड’ असे होते आणि नंतर दुरुस्ती करून ते ‘वन्स पर टर्न’ केले गेले. म्हणजे डीएमला हवा असलेला नियम खरोखर छापलेला होता, आणि तो बदलला गेला.

मला वाटतं गोंधळाचं एक कारण आपल्या टेबलवरच्या बोलण्यात आहे. नवीन माणसाला समजावताना आपण पटकन म्हणतो ‘आपल्या टर्नला एकदाच’. मराठीत ते ‘आपल्या’ आपोआप येतं, त्याशिवाय वाक्य अर्धवट वाटतं, आणि मग ऐकणाऱ्याच्या डोक्यात नियम तोच बसतो, पुस्तकात नसलेल्या शब्दासकट. ‘कुठल्याही एका टर्नमध्ये एकदा’ असं सांगा, भांडण होणार नाही.

दुसरं कारण जुनं आहे. टर्न हा शब्द वॉरगेम्समधून आला आणि सत्तरच्या दशकातल्या अ‍ॅडव्हान्स्ड आवृत्तीत तर टर्न राऊंडपेक्षा मोठी होती! राऊंड एक मिनिटाचा, टर्न दहा मिनिटांची, म्हणजे एका टर्नमध्ये दहा राऊंड, आणि मशाल किती वेळ जळेल तेही टर्नमध्ये मोजायचे, सहा टर्न म्हणजे एक तास. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत राऊंड सहा सेकंदांचा झाला आणि टर्न म्हणजे त्यातला एकाचा वाटा, हा अर्थ पक्का झाला. जुनी पुस्तकं वाचून आलेल्या माणसाच्या कानात टर्न वेगळी वाजते, त्यात त्याची काही चूक नाही.

आता स्नीक अटॅकच्या नियमाच्या त्याच परिच्छेदातला आणखी एक तुकडा, जो मला फार आवडतो. अ‍ॅडव्हांटेज (दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायची सवलत) नसेल तरी स्नीक अटॅक चालतो, जर लक्ष्यापासून पाच फुटांत ‘अनदर एनिमी ऑफ द टार्गेट’ असेल (आणि तुम्हाला डिसअ‍ॅडव्हांटेज (त्याच्या उलट तोटा) नसेल, आणि तो दुसरा शुद्धीत, लढू शकणारा असेल). तुमचा मित्र असं म्हटलेलंच नाही! तुमचं लक्ष्य असलेल्या ओगर राक्षसावर चिडलेला एखादा ओळखदेख नसलेला लांडगा जवळ असला तरी चालतं, तो उद्या तुमच्यावरही उलटणार असला तरी. २०२४ च्या आवृत्तीत इथे ‘युवर अ‍ॅलाइज’ आलं आणि तो लांडगा बाद झाला. दोन शब्द बदलले आणि लढाईची मांडणी बदलली. ‘वन्स पर टर्न’ मात्र २०२४ मध्येही तसंच आहे, म्हणजे दहा वर्षांनी परत हात लावायची संधी मिळूनही त्यांनी ते ठेवलं, माझ्या मते हा सगळ्यात भक्कम पुरावा.

पण शब्दशः वाचन सगळीकडे असं छान निभावत नाही, हेही सांगायला हवं. पाचवी आवृत्ती मुद्दाम साध्या बोलण्यासारख्या इंग्रजीत लिहिली गेली आणि मग (मेली म्हणजे जवळून लढायचं) ‘मेली वेपन अटॅक’ आणि ‘अटॅक विथ अ मेली वेपन’ या दोन वेगळ्या गोष्टी होऊन बसल्या. मुठीने मारलेला ठोसा पहिल्यात बसतो पण दुसऱ्यात नाही, कारण मूठ हे वेपन नाही, आणि फेकलेला खंजीर दुसऱ्यात बसतो पण पहिल्यात नाही. किंवा २०१४ चं अदृश्य होणं घ्या: अदृश्य माणसावर हल्ला करताना डिसअ‍ॅडव्हांटेज हे वेगळं कलम म्हणून लिहिलं होतं, त्यामुळे सी इन्व्हिजिबिलिटी हा मंत्र टाकून तो तुम्हाला लख्ख दिसत असला तरी शब्दांप्रमाणे डिसअ‍ॅडव्हांटेज राहायचंच. अशा वेळी डीएमने हेतू बघून निर्णय द्यावा असं माझं स्पष्ट मत आहे, आणि २०२४ मध्ये तुम्हाला जो पाहू शकतो त्याच्यापुढे हा फायदा मिळत नाही असं लिहून ती फट बुजवली. स्नीक अटॅकची गोष्ट तशी नाही, तिथे शब्द आणि हेतू एकाच बाजूला आहेत.

तरी तुमच्या डीएमला तो राऊंडला एकदाच ठेवायचा असेल तर तो त्याचा अधिकार आहे, फक्त तो घरचा नियम म्हणून मोहीम सुरू व्हायच्या आधी सांगावा, पुस्तकाच्या नावावर खपवू नये. पाचव्या लेव्हलला ३डी६ (सहा बाजूंचे तीन फासे) जास्तीचे, म्हणजे सरासरी साडेदहा डॅमेज, रोगसाठी ते थोडं नाही, कारण तिला फायटरसारखे एका टर्नमध्ये अनेक हल्ले मिळत नाहीत.

राहिलं ‘स्नीक’. नाव म्हणजे नियम नव्हे. अटी परिच्छेदात दिल्यात त्यात लपण्याचा उल्लेख नाही, लपलात तर अ‍ॅडव्हांटेज मिळतो एवढाच संबंध. नावावरून नियम काढायचा तर २०१४ चा चिल टच हा मंत्र घ्या: त्याने थंडीचं डॅमेज होत नाही, नेक्रॉटिक (जीवनशक्ती शोषणारं) होतं, आणि त्याला स्पर्शही लागत नाही, १२० फुटांवरून टाकता येतो.