छत बुटके, खिडक्या चिमुकल्या

प्रश्न : इंग्लंडमध्ये वेअर (हर्टफर्डशायर) इथे जुन्या मॉल्टहाउसमधला (बिअर वगैरेसाठी बार्लीला मोड आणून ती वाळवायचा, म्हणजे मॉल्ट बनवायचा कारखाना) फ्लॅट घ्यायचा आमचा विचार आहे. इमारत ‘लिस्टेड’ (वारसा म्हणून कायद्याने जपलेली) आहे. वीटकाम देखणे, पण छत बुटके, खिडक्या चिमुकल्या आणि हॉलच्या मधोमध बिडाचा खांब. नवऱ्याचे म्हणणे, बिल्डरने एका मजल्याचे दोन करून विकलेत. तसे असेल का? खिडक्या मोठ्या करता येतील?

उत्तर : या बाबतीत बिल्डर बहुधा निर्दोष आहे. हे मजले मुळात माणसांसाठी नव्हतेच. बार्ली हौदात दोन-तीन दिवस भिजवायची, मग फरशीवर पातळ पसरून मोड आणायचे आणि लाकडी फावड्यांनी सारखी उलटत राहायचे. एवढ्याशा थराला उंच छत कशाला? उलट बुटक्या जागेत गारवा आणि ओल नीट टिकते. खिडक्या हवा कमीजास्त करायला होत्या, म्हणून काचेपेक्षा झडपा महत्त्वाच्या. खांब आहेत ते मजलाभर पसरलेल्या ओल्या धान्याच्या वजनासाठी.

उलटे उदाहरण बघायचे तर इंग्लंडमधल्याच श्रूसबरी गावाला जमले तर जाऊन या. चार्ल्स बेजने 1797 मध्ये तिथे जवसाच्या धाग्याची गिरणी उभारली. लोखंडी सांगाड्याची जगातली पहिली इमारत ती हीच. सूतकामाला उजेड हवा, म्हणून खिडक्या ऐसपैस. शंभर वर्षांनी तिथे मॉल्ट बनू लागले आणि त्याच खिडक्या बुजवल्या गेल्या. वर जुनी कमान, तिच्या पोटात वेगळ्या विटांची भर आणि त्या भरीत हातभर खिडकी : दोन्ही धंदे एकाच भिंतीत वाचता येतात. 2022 मध्ये इमारत पुन्हा खुली झाली, तेव्हा काही खिडक्या मोकळ्या केल्या आणि काही तशाच ठेवल्या. मला हा निर्णय फार आवडला.

तुमच्या संकुलात निमुळत्या छपराची भट्टी असेल, तर तिथला फ्लॅट आधी बघा. मोड आलेले धान्य भोकाभोकांच्या फरशीवर पसरायचे, खालून जाळ द्यायचा आणि वाफ शेंड्यातून बाहेर सोडायची, त्यामुळे उंची सगळी तिथेच. (तिथे पोटमाळे कोंबणाऱ्या वास्तुरचनाकारांना काय म्हणावे!)

खिडक्यांचे मात्र विसरा. इमारतीच्या रूपात बदल करायचा तर लिस्टेड बिल्डिंग कन्सेन्ट ही खास परवानगी लागते. 1990 च्या कायद्यानुसार त्याशिवाय केलेले काम गुन्हा आहे. आधीच्या मालकाने परस्पर काही केले असेल, तर ते पूर्ववत करण्याची नोटीस तुमच्या दारात येऊ शकते. म्हणून वकिलाकडून जुन्या परवानग्या तपासून घ्या. बाहेरच्या विटांचे सांधे चुन्याचे आहेत की नंतर सिमेंटने भरलेत, तेही बघा. सिमेंट असेल तर भिंतीत शिरलेली ओल बाहेर पडत नाही आणि विटा फुटू लागतात.

आणि नवरा उंच असेल तर मोजपट्टी सोबत न्या. उंची तुळईखाली मोजा.