हाउस आणि रेगे: एकाच सेटमध्ये, एकाच रेकॉर्डवर

हाउस (इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत) आणि रेगे (जमैकाचं संगीत) दोन्ही वाजवणाऱ्या आणि स्वतःचे ट्रॅक करणाऱ्या डीजेच्या प्रश्नात तीन गोष्टी आहेत: दोन्ही संगीतं एका सेटमध्ये कशी बसवायची, ट्रॅकमध्ये किक (मोठ्या ड्रमचा खालचा ठोका) आणि बेस एकमेकांना का गिळतात, आणि पहिली बारा इंची रेकॉर्ड काढताना काय सांभाळायचं.

आधी टेम्पो. हाउस साधारण 118 ते 126 बीपीएमला (मिनिटाला इतके ठोके) चालतं. रूट्स रेगे (जुन्या वळणाचं) 70-75 ला, म्हणजे दुप्पट मोजलं तर 140-150. टर्नटेबलचा पिच, म्हणजे वेग बदलायची पट्टी, बहुधा ±8 टक्के. 150 ची रेकॉर्ड कितीही ओढली तरी 138 च्या खाली येत नाही. म्हणून या दोघांचं बीटमॅचिंग (ठोक्याला ठोका जुळवणं) करायच्या फंदात पडू नका. मध्ये स्टेपर्स हा रेगेचा प्रकार ठेवा. त्यात किक चारही ठोक्यांवर असते आणि स्कँक (गिटार-कीबोर्डचा तुटक सूर) दुसऱ्या-चौथ्यावर, म्हणजे नेमका हाउसच्या क्लॅपवर (टाळीच्या आवाजावर). 125-130 चे स्टेपर्स हाउसशी सरळ जुळतात. मात्र की-लॉक (वेग बदलला तरी सूर तोच ठेवणारी सोय) नसेल तर 6 टक्के पिच म्हणजे जवळपास एक सेमीटोन (अर्धा स्वर), आणि रेगेची बेसलाइन सुरेल असल्यामुळे ही चूक सगळ्यांना ऐकू येते. एका रेकॉर्डचा लो (खालचा, बेसचा आवाज) पूर्ण काढल्याशिवाय दुसरीचा चढवू नका.

वन ड्रॉपवर (किक फक्त तिसऱ्या ठोक्यावर असलेल्या रेगेवर) जायचं असेल तर मिक्स नको, इको हवा. गाण्यातला एखादा शब्द इकोत फेका, चॅनल बंद करा, शेपूट विरू द्या आणि नवी रेकॉर्ड सुरुवातीपासून सोडा. इकोचा वेळ काढायला 60,000 ला बीपीएमने भागा: 120 ला एक ठोका 500 मिलिसेकंद, डॉटेड आठवा (पाऊण ठोका) 375. हाउसवर 375 जास्त खुलतो, कारण तो क्लॅपवर बसत नाही, आजूबाजूला नाचतो.

स्टुडिओत इकोचा रिटर्न (इकोतून परत येणारा आवाज) मिक्सरच्या साध्या चॅनलवर आणा, म्हणजे त्याला ईक्यू (खालचे-वरचे सूर कमीजास्त करणारी सोय) लावता येतो आणि तो पुन्हा स्वतःकडेच पाठवता येतो. 250 हर्ट्झच्या खालचं कापा, नाहीतर प्रत्येक फेरीत चिखल साचतो. फीडबॅक (इकोत पुन्हा जाणारा आवाज) वाढत गेला की इको स्वतःच ओरडायला लागतो. तेव्हा हात सेंडवर (इकोकडे आवाज पाठवणाऱ्या बटणावर) नको, रिटर्नच्या फेडरवर (सरकत्या पट्टीवर) हवा. 1970 च्या दशकात किंग्स्टनमध्ये डब (गाण्याची इकोने भरलेली, बहुतेक वाद्यांचीच आवृत्ती) करणाऱ्या किंग टबीने मिक्सिंग डेस्कच वाद्यासारखं वाजवलं. पुढे बर्लिनमध्ये मॉरित्झ फॉन ओस्वाल्ड आणि मार्क एर्नेस्टस यांनी बेसिक चॅनल या आपल्या जोडीत तीच पद्धत चार ठोक्यांच्या किकखाली आणली. या दोघांचं जुनं काम नीट ऐकलं तर प्लगइनच्या (सॉफ्टवेअर इफेक्टच्या) निम्म्या खरेद्या वाचतात.

आता किक-बेस. हाउसमध्ये तळ किकचा, रेगेमध्ये बेसचा. दोघांनाही तळ दिला की गाळ. बेस गिटारची सगळ्यात खालची तार 41 हर्ट्झला असते. रेगेचा बेस ठेवायचा असेल तर किक आखूड करा आणि तिचा जोर 90-100 हर्ट्झच्या आसपास न्या. साइडचेन (किक वाजली की बेस आपोआप दाबणारी जोडणी) जपून लावा: बेस दर ठोक्याला दबायला लागला की त्याची चाल मरते.

रेकॉर्डसाठी 150 हर्ट्झच्या खालचं सगळं मोनो (डावी-उजवीकडे एकच आवाज) करा. स्टिरिओ बेस फेजबाहेर (डावी-उजवी लहर एकमेकींच्या उलट) असेल तर खोबण उथळ होते आणि सुई उडते. 45 आरपीएमला (मिनिटाला 45 फेरे) मोठ्या आवाजासाठी एका बाजूला दहा मिनिटांच्या आसपास थांबा. आतल्या खोबणीत वरचे सूर मंदावतात, म्हणून झगझगीत हाय-हॅटचा ट्रॅक आधी, डब शेवटी. मास्टरिंगला (आवाजाच्या शेवटच्या तयारीला) लिमिटर (आवाजाची शिखरं दाबणारं साधन) न लावलेली 24 बिट वेव्ह फाइल पाठवा.

गायक असेल तर त्याचा वाटा प्रेसिंगआधी लेखी ठरवा. तोच रिदम (बेस-ड्रमचा साचा) पुढे दुसऱ्या गायकांसाठी वापरायचा असेल तर हे जास्तच लागतं.

टेस्ट प्रेसिंग (मंजुरीसाठीच्या नमुना प्रती) आलं की दोन-तीन प्रती पूर्ण ऐका. खट्ट असा आवाज सगळ्या प्रतींत एकाच जागी आला तर दोष कटिंगचा (खोबण कोरण्याचा) किंवा स्टँपरचा (रेकॉर्ड छापायच्या साच्याचा), काम थांबवायला सांगा. एकाच प्रतीत आला तर ती प्रत बाजूला ठेवा आणि मंजुरी द्या.