व्हिएतनाम युद्धात अमेरिकेनं एवढे बॉम्ब टाकूनही हो ची मिन्ह ट्रेल, म्हणजे उत्तर व्हिएतनामचा लाओसमधनं दक्षिणेकडं जाणारा रसदीचा मार्ग, बंद का झाला नाही? गनिमी सैन्याची रसद तोडता येते का?

तोडता येते, पण रस्त्यावर नाही, गावात तोडावी लागते.

पहिलं म्हणजे ट्रेल हा एक रस्ता नव्हताच. 1959 ला काम सुरू झालं आणि लाओसच्या जंगलातनं वाटांचं जाळंच तयार झालं, एक उडवली की शेजारची चालू, खड्डे बुजवणारी माणसंपण वाटेवरच राहायची. मी कोल्हापूरचा, पावसाळ्यात पन्हाळा ते पावनखिंड चालत जातो, मसाई पठार सोडलं की जागोजागी वाटा फुटतात आणि धुक्यात वाडीतल्या कुणी बोट दाखवल्याशिवाय पुढं जाताच येत नाही. 1660 ला सिद्दी जौहरचा वेढा फोडून महाराज याच मुलखातनं विशाळगडाला पोचले. मुलूख आपला असला की वाट सापडते, शत्रूला सापडत नाही.

आणि माल न्यायचे कसे तर सुरुवातीला माणसांच्या पाठीवर आणि सायकलवर, ट्रक नंतर आले. सायकलच्या हँडलला लांब बांबू बांधायचा, सीटच्या नळीत दुसरा दांडका, बसायचं नाही, बाजूनं ढकलत चालायचं. दोनशे किलोच्या आसपास माल जायचा. विमानातनं हे काय दिसणार? 1964 ते 1973 मध्ये लाओसवर 20 लाख टनांच्या वर बॉम्ब पडले तरी माल पोचतच होता.

आता रसद तुटली कुठं ते बघा. मलायात (आजच्या मलेशियाचा भाग) कम्युनिस्ट बंड मोडायला ब्रिटिशांनी 1950 पासून जंगलाकडेचे जवळपास 5 लाख लोक, बहुतेक चिनी, उचलून तारेच्या कुंपणातल्या नव्या गावांत बसवले. काही ठिकाणी तांदूळ घरी द्यायचेच नाहीत, एकाच ठिकाणी भात शिजवून वाटायचे, कारण शिजलेला भात त्या दमट हवेत टिकत नाही, जंगलात पोचवणार कसा? डबाबंद माल विकताना दुकानदारानं डब्याला भोक पाडूनच द्यायचा. बंडखोर उपासमारीनं खचले. पण ज्यांचा लढाईशी संबंध नव्हता त्यांची घरंदारं यात गेली, म्हणून याला यशस्वी मॉडेल म्हणणाऱ्यांचा मला खरंच राग येतो.

ग्रीसच्या यादवी युद्धात वेगळंच झालं, तिथल्या कम्युनिस्टांना शेजारच्या युगोस्लाव्हियातनं मदत यायची, जुलै 1949 ला तिथला नेता टिटोनं सीमा बंद केली आणि आधीच मार खाल्लेलं कम्युनिस्ट सैन्य काही महिन्यांत संपलं.

अमेरिकेच्या हातात यातलं काहीच नव्हतं, लाओसची गावं त्यांच्या ताब्यात नव्हती आणि उत्तर व्हिएतनामला चीन, रशियाकडनं माल येतच होता. 1971 ला दक्षिण व्हिएतनामचं सैन्य ट्रेल तोडायला लाओसमध्ये घुसलं, पण दीडेक महिन्यात मोठं नुकसान सोसून परत आलं आणि ट्रकची ये-जा पुन्हा सुरू झाली.