दोन पोर्टचा लॅपटॉप, एक हार्ड डिस्क आणि व्हीजीए प्रोजेक्टर

प्रश्न : मी महाविद्यालयात इतिहास शिकवते. मोडी कागदपत्रांची सुमारे ७०० जीबी छायाचित्रे माझ्याकडे सहा वर्षांपूर्वी घेतलेल्या एक टीबीच्या हार्ड डिस्कवर आहेत. मुलाने त्याचे २०२० चे एम१ मॅकबुक एअर मला दिले असून त्याला दोनच टाइप-सी पोर्ट आहेत. बाजारातून एक लहान हब (एका पोर्टवर अनेक वस्तू जोडू देणारे उपकरण) आणला. त्यात पेन ड्राइव्ह चालतो, पण हार्ड डिस्क लावली की टक्-टक् आवाज होऊन ती दिसेनाशी होते. हब न वापरता साध्या अ‍ॅडॅप्टरने लावल्यास ती उघडते. मात्र तिच्यावर नवे काही साठवता येत नाही. विभागातले संगणक विंडोजचे आहेत आणि वर्गातल्या प्रोजेक्टरला फक्त व्हीजीए, म्हणजे चित्र नेणारी जुन्या पद्धतीची जोडणी, आहे. मी नेमके काय विकत घ्यावे?
— एक वाचक, सातारा

उत्तर : थेट जोडल्यावर डिस्क उघडते, त्याअर्थी ती बहुधा धडधाकट आहे, हबमधून तिला वीज पुरत नाही, एवढेच. अशा डिस्कची आतली तबकडी फिरू लागते त्या क्षणी तिला एक अँपिअरच्या आसपास विद्युतप्रवाह लागतो, तर यूएसबी ३ च्या मानकात साध्या पोर्टसाठी ९०० मिलिअँपिअर धरलेले आहेत, आणि चार्जर न जोडलेला स्वस्त हब पुष्कळदा तेवढेही देत नाही. तोच आवाज थेट जोडल्यावरही येऊ लागला, तर मात्र दुसरे काहीही करण्याआधी छायाचित्रे उतरवून घ्यावीत.

साठवता न येण्याचे कारण वेगळे आहे. डिस्क विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेली असणार. मॅक ती वाचतो, पण तिच्यावर लिहीत नाही. मॅक आणि विंडोज या दोन्हींवर लिहिता येईल अशी पद्धत म्हणजे एक्सफॅट. फॉरमॅट करताना आधीचे सगळे पुसले जाते, म्हणून जुन्या डिस्कला हात न लावता नव्या डिस्कवर एक्सफॅट करावे. ‘इजेक्ट’ न करता वायर उपटण्याची सवय असेल, तर ती मात्र सोडावी लागेल, कारण एक्सफॅटला अशी घाई फारशी सोसत नाही.

आता खरेदी. आपल्या लॅपटॉपचा एक पोर्ट चार्जरच अडवतो, त्यामुळे हब घ्यायचा तो चार्जर आत घेणारा, म्हणजे ‘पॉवर डिलिव्हरी’ असलेला घ्यावा, आणि चार्जर, पेन ड्राइव्ह, प्रोजेक्टर हे सारे त्या एका हबवर टाकून दुसरा पोर्ट डिस्कसाठी कायमचा मोकळा ठेवावा. हब स्वतःसाठी दहा-पंधरा वॉट राखून ठेवतो. सोबत आलेल्या ३० वॉटच्या चार्जरमधून मग लॅपटॉपला जेमतेम निम्मी वीज उरते, म्हणून ६० वॉटचा चार्जर घेतलेला बरा. दोन एचडीएमआय (पडदा जोडण्याची नवी खाच) असलेल्या महागड्या हबचा मोह टाळावा, कारण एम१ एअर बाहेरचा एकच पडदा चालवते. एचडीएमआयबरोबर व्हीजीएही असलेला हब मिळतो, तोच घ्यावा. व्हीजीएतून आवाज जात नाही, त्यामुळे वर्गात ध्वनिफीत ऐकवायची असेल तर स्पीकर लॅपटॉपच्या हेडफोनच्या खाचेत लावावा.

साठवणीसाठी मी एसएसडी (तबकडीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क) आणि हार्ड डिस्क अशा दोन्ही वस्तू सुचवेन. रोजच्या कामाला एक टीबीची बाह्य एसएसडी घ्यावी. पिशवीत आदळआपट झाली तरी तिच्यात फिरणारे काही नसल्याने धोका कमी. आपल्या पोर्टवर यूएसबीचा वेग १० गिगाबिटपर्यंतच मिळतो, त्यामुळे ‘२० गिगाबिट’ अशा जाहिरातीसाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही. दुसरी प्रत दोन टीबीच्या साध्या हार्ड डिस्कवर करून ती दुसऱ्या घरी, नातेवाइकांकडे वगैरे ठेवावी. वर्षानुवर्षे कपाटात पडून राहणाऱ्या प्रतीसाठी एसएसडीवर विसंबू नये, कारण वीज न मिळता ती फार काळ राहिली तर तिच्यातली माहिती विरू शकते.

वायरीकडे सहसा कोणी पाहत नाही आणि वेगाचा घोटाळा बहुतेक वेळा तिथेच होतो. टाइप-सी हे केवळ तोंडाच्या आकाराचे नाव आहे. लॅपटॉपच्या चार्जरसोबत येणारी पांढरी वायर दोन्ही टोकांना टाइप-सी असली, तरी माहिती यूएसबी २ च्या, म्हणजे सेकंदाला ४८० मेगाबिटच्या, वेगानेच नेते. तिने एसएसडी जोडून ७०० जीबी उतरवायला गेलात तर पाच तास लागतील. एसएसडीच्या डब्यातली आखूड वायरच वापरावी आणि तिच्यावर चिठ्ठी चिकटवून ठेवावी. पहिल्यांदा जुन्या डिस्कवरून उतरवताना मात्र वायर कितीही चांगली असली तरी किमान दोन तास जातीलच, कारण तिथे वेग त्या फिरत्या तबकडीचा असतो. त्या वेळात वायरलेस माउस अडखळू लागला तर घाबरू नये. यूएसबी ३ ची उपकरणे चालू असताना २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींत व्यत्यय येतो. माउसचा छोटा रिसीव्हर डिस्कपासून हातभर दूर नेला की तो पुन्हा सुरळीत चालू लागतो.